गालावरचा कण

लढाईच्या काळात नगरला आमचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे बाजारातल्या एका इमारतीचा वरचा मजला. छपराच्या उत्तरेच्या बाजूला काचा बसवून घेतल्या होत्या. उजेड तिथून यायचा, आणि फटींतून धूळही. खालून टांगे जायचे, लष्कराचे ट्रक जायचे. शिमगा सरून वारा सुटला की ताटात वाढलेल्या भातालासुद्धा कचकच लागायची.

आमचे हे या धुळीला फार भीत. स्टुडिओत कोरडा केर काढायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, दारावर ओली चादर टांगायची, असा त्यांचा दंडक होता. माझं एखादं लुगडं धुवून धुवून विरलं की त्याचा तुकडा ते लेन्स पुसायला मागून घेत. आधी मऊ कुंचल्यानं धूळ झटकायची, मगच कापड लावायचं. नाहीतर धुळीतली वाळू काचेवर ओरखडा काढते. लेन्स जर्मन होती आणि लढाईत दुसरी मिळणं शक्य नव्हतं.

तरी लेन्सवरची धूळ दिसते तरी. खरा घात अंधाऱ्या खोलीत व्हायचा. फोटोची काचेची प्लेट चौकटीत भरताना तिच्यावर एखादा कण बसला, तर तेवढ्या जागी उजेड पोचत नाही, काच तिथे भोकासारखी कोरी राहते आणि कागदावर काळा ठिपका उमटतो. असे ठिपके घालवणं माझं काम. खिडकीशी बसून मी काचेवरच्या त्या भोकात बारीक कुंचल्यानं रंग भरायची.

एका उन्हाळ्यात काष्टीहून एक बाई मुलाला घेऊन आली. मुलगा फौजेत भरती झाला होता, दोन दिवसांनी निघायचा होता. बाई विधवा होती. गावात दहा जणांना विचारत विचारत ती आमच्या जिन्यापर्यंत पोचली होती. मुलाला खुर्चीत बसवलं तर तो अवघडला, म्हणून यांनी त्याला उभाच ठेवला. प्लेटा मिळेनाशा झाल्या होत्या, त्यामुळे एका माणसाची एकच. बाई कॅमेऱ्यामागे उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तो हसला नाही, पण तिच्याकडे बघताना त्याचा चेहरा सैल झाला, आणि यांनी नेमकं तेव्हाच टिपलं.

कागदावर पहिली छापी काढली आणि हे ती घेऊन माझ्या खिडकीशी आले. उजव्या गालावर, हाडाच्या जरा खाली, चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. दुसरी प्लेट नाही, आणि मुलगा तर सकाळच्या गाडीनं निघायचा. मी म्हटलं, एवढं काय, उद्या बसून भरते. पण गालावरचं काम नाजूक. जरा रंग जास्त झाला तर पांढरा डाग पडतो, आणि माणूस कोड फुटल्यासारखा दिसतो.

मी कुंचला हातात घ्यायच्या आतच दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात उभी. मुलाला गाडीत बसवून ती घरी न जाता स्टेशनावरून सरळ आमच्याकडे आली होती. हे गडबडले. फोटो अजून तयार नाही, संध्याकाळी या, असं सांगत ती छापी पुस्तकाखाली सारायला लागले. तिनं ते पाहिलं आणि नुसता हात पुढे केला. यांना ती द्यावीच लागली.

ती फोटो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. धुळीचा कण होता, आमची चूक झाली, ठिपका काढून देतो, असं हे खालमानेनं सांगत होते. तिचं लक्ष आहे की नाही तेही कळेना.

मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, दादा."

"अहो, पण चेहऱ्यावर आहे तो."

"व्हय. तान्हा हुता तवा मी हितंच तीट लावायची." तिनं ठिपक्याला बोट लावलं नाही, नुसतं वरून दाखवलं. "आता पलटनीत त्याला तीट लावायला कोन हाय?"

मी आत जाऊन तिला पाणी आणलं. ती प्यायली नाही. पेला हातात धरून रडली, आणि मग सगळं पाणी एका दमात प्यायली. मी तिला जेवायला थांबवून घेतलं. तिच्या गाडीला अवकाश होता. जेवताना ती मुलाबद्दल एक शब्द बोलली नाही. गाईला कोण पाणी पाजील, याचीच काळजी करत होती.

लढाई संपल्यावर दोघं मायलेकरं पुन्हा आमच्या स्टुडिओत आली. मुलगा धड होता, फक्त एका कानानं ऐकू येत नव्हतं. या वेळी दोघांचा मिळून फोटो हवा होता. कसं उभं राहायचं ते हे कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून सांगत, त्याला ऐकू जायचं नाही, मग आई ते त्याच्या चांगल्या कानात सांगायची, आणि तोवर ती स्वतः हललेली असायची. शेवटी हे कापडाबाहेर आले, म्हणाले, कसेही उभे राहा. तशी तिनं त्याचा दंड पकडला आणि पापणी न हलवता समोर बघितलं.