बापूरावाचा आवाज

चहा आधी पिऊन घ्या. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातचा चहा घ्याल की नाही, याची मला खात्री नाही. गावात हा किस्सा सगळे हसत सांगतात. पण त्यांना अर्धाच माहीत आहे. उरलेला अर्धा माझ्या पोटात आहे, आणि तो काही केल्या पचत नाही!

तर मी कार्टून बनवतो. हसू नका! एरवी कृषी केंद्रात खतं-बियाणं विकतो आणि रविवारी मोबाइलवर चित्रातली माणसं हलवून त्यांच्या तोंडी आपली वऱ्हाडी घालतो. माणसं तीनच. बापूराव, त्याचा पोरगा गण्या आणि गण्याची माय. बापूराव चिडतो, पायातली चप्पल काढतो, गण्याला हाणतो, आणि गण्या उडून थेट कडुनिंबावर! डोक्याभोवती चांदण्या फिरतात. लगेच गण्या खाली, एकदम ठणठणीत. कार्टूनमधल्या माराची हीच तर मजा, वळ उठत नाहीत. माय मधे पडली की दोन तिलाही बसतात. लोक हसून लोळतात. कारंज्याहून फोन येतात, "भाऊ, तुमचा बापूराव लय जबरी हाये!"

माझी बायको रेखा यावर एकदाच बोलली होती.

"त्या बाईले नाव काहून नाही हो?"

"हाये ना. गण्याची माय."

"अन् ती काई बोलत काहून नाही? निस्तं 'मारू नका हो' म्हणते."

"अवं, कॉमेडी बापूरावाची हाये. ती बोलाले लागली तं लोकं हासतीन कायले?"

रेखा गप्प बसली. मी समजलो, पटलं तिला. बायको गप्प बसली म्हणजे पटलं, असं कोणता नवरा समजत नाही, सांगा बरं?

आता त्या रविवारचं ऐका.

दुपारी मी सोयाबीनची पोती रचलेल्या खोलीत रेकॉर्डिंगला बसलो. तिथंच का? कारण पोती आवाज खातात, घुमू देत नाहीत. दार लावलेलं, खिडकी लावलेली, कानाला हेडफोन, समोर माईक आणि हातात चप्पल. चप्पल कशाला म्हणता? अहो, फटक्याचा आवाज नको का! भरल्या पोत्यावर चप्पल हाणली की थेट पाठीवर बसल्यासारखी वाजते. रेखा मुक्ताला, म्हणजे आमच्या सहा वर्षांच्या पोरीला, घेऊन चक्कीवर दळण आणायला गेली होती. गेली ती मागच्या दारानं, त्यामुळे गल्लीत कोणी तिला जाताना पाहिलं नव्हतं.

मी सुरू झालो. जाड आवाजात, "आज तुले सोडत नाही!" फट! मग बारीक आवाज, "मारू नका हो!" फट! मधेच एक परातही आपटली. पण आवाज मनासारखा लागेना. पुन्हा घेतला. पुन्हा. अकरा वेळा घेतला! म्हणजे बाहेर उभं राहून ऐकणाऱ्याच्या लेखी मी त्या बाईला पाऊण तास बदडत होतो.

पाणी प्यायला म्हणून दार उघडलं. अंगावर घाम, हातात चप्पल. आणि समोर अख्खी गल्ली! सगळ्यांच्या पुढे शेजारच्या गोदाकाकू, हातात मुसळ घेऊन.

"गजू, सून कुठं हाये?"

"कोणती सून?" मी म्हणालो. आणि म्हणालो ते बाईच्या आवाजात! गळा अजून तिथंच अडकला होता ना! गोदाकाकू दोन पावलं मागं सरकल्या, मग चार पुढं आल्या.

"सोंगं करू नको! रेखाले बाहेर काढ. म्या मेडशीले तिच्या बापाले फोन केला हाये."

"काकू, रेखा घरी नाही!"

त्या घडीला बोलू नये असं एकच वाक्य होतं, तेच मी बोललो.

"घरी नाही? मंग अंदर कोण रडून राह्यलं होतं?"

तेवढ्यात रेखाच आली. कमरेवर पिठाचा डबा, बोटाला मुक्ता. आता तरी सुटलो, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं! पण गोदाकाकूंनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा खोलीकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"रेखा तं बाहेर हाये! म्हणजे अंदर दुसरीच हाये बाप्पा!"

दोघं जण आत घुसून पोती हलवायला लागले. एक तर पोत्यांना समजावत होता, "बाई, भेऊ नका. या बाहेर, आमी हावो."

त्याच वेळी मोटारसायकल येऊन थांबली. मामाजी, म्हणजे माझे सासरे, उतरले. मेडशी तशी वीस मिनिटांवर. मामाजी मोजकंच बोलतात. त्यांनी आधी रेखाचा चेहरा पाहिला, मग तिचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले, मग माझ्या हातातली चप्पल पाहिली.

"चाल रेखा," ते म्हणाले. "तुले घ्याले आलो."

खरं सांगतो, तोवर मलाही आतून हसू येत होतं. पण मामाजी एकदा बोलले की बोलले. बायको-पोर गल्लीदेखत घरातून जाणार होती, तेही मी न केलेल्या गोष्टीपायी!

"मामाजी, कार्टून हाये हो ते!" मी ओरडलो. "तिन्ही आवाज मीच काढतो. बापाचा मी, पोराचा मी, बाईचा बी मीच! हात तं मी आजवर उगारला नाही, इचारा तिले!"

"आयकवा," मामाजी म्हणाले.

मी मोबाइल स्पीकरला जोडला, आवाज मोठा केला आणि घाईघाईत दिसलं ते रेकॉर्डिंग लावलं.

"डोकं हाये का तुले? माइकले हात काहून लावला? दिवसभर घरी बसून करत काय असतं तू?"

गल्लीत जो हशा पिकला! गोदाकाकूंनी मुसळ भिंतीला टेकवलं आणि पदरानं डोळे पुसले. "बापूराव हाये बाप्पा हा! म्या उगाच जीव काढला." माझ्याही जिवात जीव आला. मीही हसलो. मनात म्हटलं, वा गजू, आज बापूराव किती खरा वाटतोय! मग स्पीकरमधून बारीक आवाज आला.

"हळू बोला ना. मुक्ता जागी हाये."

माझ्या कार्टूनमध्ये मुक्ता नाही.

ते सकाळचं रेकॉर्डिंग होतं. माईक तपासायला मी ते सुरू केलं होतं. रेखानं धूळ पुसायला माईक उचलला, म्हणून मी तिच्यावर ओरडलो, आणि त्या रागात ते बंद करायचं राहून गेलं. हशात तिचं वाक्य कोणी नीट ऐकलं नाही. मी एका बोटानं ते बंद करू शकत होतो. पण मधेच बंद केलं तर लोक विचारतील ना, काहून बंद केलं? म्हणून मी ते चालू ठेवलं. माझ्या बायकोला मी काय काय बोललो ते पूर्ण गल्लीला ऐकवत उभा राहिलो, आणि गल्ली हसत राहिली. "देऊ का एक ठेवून?" यावर तर टाळ्या पडल्या. रेखा तेवढी हसत नव्हती. आणि मुक्ता तिच्या मागं जाऊन दोन्ही कान दाबून उभी होती. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

लोक पांगले. मामाजी ओट्यावर बसले. रेखानं चहा आणून दिला. त्यांनी तो बशीत ओतला, पण प्यायला नाही.

"जवाई, बापाचा आवाज चांगला काढता तुमी."

"हो जी."

"पण त्या बाईचा आवाज... तो तं रेखा एवढीशी होती तवापासून मी आयकून राह्यलो. तुमाले कसा जमला?"

आता सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? खरं बोलता आलं असतं. चुकलं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "प्रॅक्टिस, मामाजी!"

रेखा दारात उभी होती.

"त्याइची नाही, बाबा," ती म्हणाली. "प्रॅक्टिस माही हाये."

एवढं बोलून ती मुक्ताचे कपडे पिशवीत भरायला आत गेली. मामाजींनी उठून मोटारसायकल वळवून ठेवली.

याला आता दोन आठवडे झाले. मी दोनदा मेडशीला जाऊन आलो. रेखानं पाणी दिलं, मुक्ताला माझ्याजवळ बसू दिलं, आणि दोन्ही वेळेस म्हणाली, "अजून नाही." गोदाकाकू सगळ्यांना सांगतात, सून माहेरपणाला गेली. गावात माझ्या तोंडून अजून खरं काही निघालेलं नाही.

आणि त्या दिवशीचा आवाज गावभर गाजतोय. कृषी केंद्रात रोज कोणी ना कोणी विचारतो, "गजूभाऊ, तो बाप खरंच तुमी हाये?"

मी मान खाली घालून म्हणतो, "हो, मीच हाये."

तर लोक म्हणतात, "पाहा, केवढा कलाकार! पण जरासा बी गर्व नाही."