स्लीपिंग बॅगची घडी

आमच्या ह्यांनी स्लीपिंग बॅगची घडी घातली. चौकोनी, कोपऱ्याला कोपरा लावून, वरून तळहात फिरवून. मग ती घडी पिशवीच्या तोंडाशी धरून म्हणाले, "पिशवीच लहान आहे."

मी कपाळावर हात मारला. स्लीपिंग बॅगची घडी घालायची नसते, ती पिशवीत कोंबायची असते, हे किती वेळा सांगून झालं! पण ज्या माणसाने सगळा जन्म स्वतःच्या लॉन्ड्रीत काढला, त्याला कोंबणं म्हणजे पाप. शर्ट, पडदे, पलंगपोस, हाती येईल ते सरळ करायचं. आमच्या घरी पायपुसण्यालासुद्धा इस्त्री असते. लग्नानंतर मी घातलेली टॉवेलची पहिली घडी ह्यांनी चकार शब्द न काढता उलगडली आणि पुन्हा घातली. तेव्हाच मी ओळखलं, आपलं काही खरं नाही.

उन्हाळ्यात आर्क्टिकला जायचा हट्ट माझा. त्याच लॉन्ड्रीत मीही वाफेत उकडून निघाले आहे. भर उन्हाळ्यात जिथे स्वेटर घालावा लागतो, समुद्रात बर्फ तरंगतो, सूर्य मावळायचं नाव घेत नाही, तिथे तंबूत राहायचं आणि कयाकमधून हिंडायचं, एवढी एकच हौस मी उराशी धरली होती. हे म्हणाले, "जाऊ या की." मी हवेत!

आता कयाक म्हणजे निमुळती, दोघांपुरती होडी. सामानाला पुढे-मागे दोन गोल भोकं, त्यांतून जाईल ते आपलं. म्हणून सगळं पाणी न शिरणाऱ्या लांबट पिशव्यांत कोंबून न्यायचं. आमची गाईड, एक पोरसवदा मुलगी, संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर पिशव्या बघणार होती. तिने बजावलं होतं, "काकू, सामान बसलं नाही तर मला तुम्हाला नेता येणार नाही. तुमच्या जागेसाठी लोक थांबलेत."

आणि इथे दुपार उलटली तरी ह्यांचं इस्त्रीचं टेबल मांडलेलंच! मी एक पिशवी कपड्यांचे बोळे करून भरली, तर पाणी पिऊन येईपर्यंत ह्यांनी ती उपसून रेनकोटची कॉलर सरळ करायला घेतलेली.

"अहो, तिथे तुमची कॉलर बघायला कोण येणार आहे? पांढरी अस्वलं?"

"चुरगळलेलं अंगात घालवत नाही गं."

"मग काय, कपाटासकट होडीत बसणार आहात?"

ह्यांनी पुन्हा स्लीपिंग बॅग पसरली, पुन्हा कोपरे जुळवायला लागले. माझं डोकंच फिरलं. मी ती खेचली, तर ह्यांची बोटं सोडेनात. उलट दोन्ही हातांनी ती छातीशी ओढून धरली.

"तुम्हाला यायचंच नाहीये," मी म्हणाले.

ह्यांनी बॅग सोडली. "मला पाण्याची भीती वाटते. आधीपासूनच."

"मग तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"तू इतकी खूश होतीस. म्हटलं, सामानच बसलं नाही, तर आपसूक राहील जायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझी जागा गेली तरी चालेल, पण ह्यांना नाही म्हणायचा वाईटपणा नको! मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. तिथल्या तिथे गाईडला फोन लावला. "हे येत नाहीत. मी एकटी आले तर?"

"या की, काकू. तुमच्या होडीत मी बसेन. पण पिशव्या भरल्या का?"

"भरतेय," म्हटलं आणि फोन ठेवला. ह्यांचे कपडे बाजूला फेकले, माझे भराभरा कोंबले. स्लीपिंग बॅग मात्र अर्ध्यावर अडकली. माझा जोर संपला.

हे उठले. पिशवी जमिनीवर उभी धरली, मुठीने बॅग आत रेटली, मग गुडघा टेकवून सगळं वजन वर टाकलं. बॅग गपकन आत गेली. ह्यांनी पिशवीचं तोंड गुंडाळून बकल लावलं.

"इतके दिवस हा गुडघा कुठे ठेवला होता?" मी ओरडलेच.

"तेव्हा मीही येणार होतो ना," ते म्हणाले.