धुळामामांनी मला नापास केलं तेव्हा

मला मिशनरी होण्यापासून अडवणारा माणूस काल गेला.

धुळामामा. डिंभे धरणाच्या खालच्या अंगाला वाडीवर राहायचे. पन्नासेक मेंढरं, थोडी शेती आणि तोंड एकदम फटकळ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी पुण्यातल्या ख्रिस्ती घरातला. जुन्नरला आमचं छोटं ट्रेनिंग सेंटर आहे. परक्या मुलखात सेवेला जाणाऱ्यांना तिथं तयार करतात.

वर्ग संपले की तीन महिने गावातल्या एखाद्या घरी राहायचं. प्रचार अजिबात नाही. त्यांची कामं करायची आणि माणसांत राहायला शिकायचं.

शेवटी सेंटरचे सर त्या घरी येतात आणि घरच्यांना एकच प्रश्न विचारतात.

"याला पुन्हा ठेवाल का?"

हो आलं तर पुढं जायचं. नाही आलं तर बॅग भरायची.

मला ओडिशातल्या डोंगरातल्या एका शाळेचं पत्र आलं होतं. तिकीट काढलेलं. आईनं अख्ख्या चर्चमध्ये सांगून टाकलेलं!

आणि मी किती सभ्य वागलो होतो राव!

'यजमानांवर ओझं होऊ नका' असं वर्गात शिकवलेलं. मी ते इतकं मनावर घेतलं की माझं ताट, माझी बाटली, माझी स्लीपिंग बॅग, एवढंच काय, तांदूळसुद्धा सोबत नेला.

गजरामामी भाकरी वाढायला आल्या की मी म्हणायचो, नको नको, पोट भरलं.
मामांनी घोंगडी पुढं केली की म्हणायचो, राहू द्या, माझ्याकडे आहे.

उलट मीच वाटत सुटलो होतो. मामांना टॉर्च, मामींना गुडघ्याचं मलम.

जेवणाआधी मी प्रार्थनेला डोळे मिटले की मामा हातातला घास तसाच धरून थांबायचे. डोळे उघडले की विचारायचे, "झालं का बोलून? भाकर गार व्हतीय."
मला वाटायचं, आपलं मस्त जमलंय.

सर आले त्या दिवशी मामा अंगणात मेंढरं कातरत होते. प्रश्न ऐकला आणि मान वर न करता म्हणाले,

"न्हाय."

मला आधी चेष्टाच वाटली. सरांनी विचारलं, "काय चुकलं त्याचं?"

"चुकलं काय न्हाय. गुनाचं पोरगं हाय. पन ह्याला निसतं द्यायचं कळतं. घ्यायचं कळत न्हाय."

मग कात्री खाली ठेवून त्यांनी आम्हाला मेंढरं बसवायचं गणित सांगितलं.

"आमी लोकांच्या वावरात मेंढरं बसवतो. त्यांना खत मिळतं, ते आमाला ज्वारी देत्यात. आता मी म्हनलो, खत घ्या, पन तुमची ज्वारी नगं. तर त्यो पुढल्या साली बोलवंल का मला? म्हनंल, माज्या घरचं चालत न्हाय ह्याला. कोन लागून गेला हा मोठा!"

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन म्हयनं ऱ्हायला, पावणं. एक गोष्ट मागितली न्हाय तुमी ह्या घरात."

मला असा संताप आला! एक मेंढरंवाला माझं आयुष्य ठरवणार? खोटं कशाला बोलू, अगदी हेच मनात आलं. आणि लगेच लाजही वाटली, कारण माझ्यातलं जे मला आत्ता दिसलं, ते मामांना आधीच दिसलं होतं.

सर म्हणाले, "आणखी एक महिना ठेवता का?"

"ठिवतो की. पन ती पिशवी न्या आदी."
म्हणजे माझी स्लीपिंग बॅग! एसटी त्या दिवशी आलीच नाही. सर ती डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत गेले.

दुसऱ्या दिवशी मी चुलीजवळ जाऊन बसलो. चुलीत उगाच काटक्या सारत राहिलो. शेवटी म्हणालो, "मामी, भूक लागलीय. काय आहे?"

मामी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "येवढं सांगायला तीन म्हयनं लागलं व्हय रं?"

मग घोंगडी मागितली. मामांच्या वहाणा मागितल्या. एकदा चक्क त्यांची टोपी मागितली, तर म्हणाले, "आता लई झालं हां, दान्या."

दान्या. डॅनियलचा दान्या झालो होतो मी. पावणं कधी गळून पडलं कळलंच नाही.

महिन्यानं सर आले. तोच प्रश्न.
मामा म्हणाले, "ह्याला कशाला लांब धाडता? ऱ्हाऊ द्या हितंच."

मी ओडिशाला गेलो. अकरा वर्षं राहिलो तिकडे. पहिल्या दिवशी शेजारणीकडे मीठ मागितलं.
घरात मीठ होतं.

आता जुन्नरला मीच 'सर' आहे. नवी पोरं-पोरी मामांकडेच पाठवायचो. दोघांना त्यांनी नापास केलं आणि दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. चर्चची पायरी ते कधी चढले नाहीत, मीही कधी चढा म्हणालो नाही. गेल्या महिन्यात मात्र स्वतःहून म्हणाले, "तुज्या देवाला सांग, गुडघं तेवढं नीट कर. मेंढरामागं जायचंय."
मी देवाकडे मागितलं. मनापासून मागितलं.

काल मातीला गेलो. परत आल्यावर शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी आली. ती फक्त घरच्यांसाठी असते. मी उठून चपला घालायला लागलो.

मामींनी आतून हाक मारली. "दान्या, तिकडं कुठं निघाला? बस हिकडं."

बसलो. मामांच्या मुलाशेजारी, त्याच पंगतीत. एक भाकरी खाल्ली.

मग ताट पुढं केलं आणि म्हणालो, "मामी, अजून अर्धी द्या."

मामा, भूक नव्हती हो.

येतो.
तुमचा दान्या