कॅमेऱ्यावरचं कुंकू

माझे वडील खंडेनवमीनंतर चौथ्या दिवशी गेले. ते कळंबला लग्नांचे फोटो काढत आणि दर खंडेनवमीला कॅमेऱ्याच्या बटणाशेजारी अंगठ्याने ओलं कुंकू लावत. वर्षश्राद्धाच्या सुमारास मी तो कॅमेरा हातात घेतला, तर बटण दबेना, म्हणून बारामतीच्या दुरुस्ती केंद्रात नेला. आत स्पिरिटचा वास कोंडला होता. कारागिराने डोळ्याला भिंग लावलं आणि हसला. “ताई, ह्याला कुंकवानं आंघोळ घातली व्हय? पार आत उतरलंय की.” मी म्हणाले, “आमचे आबा दरवर्षी पूजा करायचे.” त्याने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून बटणाभोवती फिरवला. शेजारच्या शेवटच्या ठशात वडिलांच्या अंगठ्याच्या रेषा अजून दिसत होत्या. लाल झालेला बोळा त्या ठशाकडे सरकला, खालच्या अर्ध्या भागावरून फिरला. शेवटी मी त्याचं मनगटच धरलं. “तेवढं राहू द्या. आबांचा अंगठा आहे तो.” त्याने बोळा खाली ठेवला. “आधी सांगायचं न्हाय का, ताई?” तो हळूच म्हणाला. बटण आता नीट दबतं. त्याच्याशेजारी अंगठ्याचा वरचा अर्धा ठसा उरला आहे.