आतली की बाहेरची?

चौतीस सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आबांना घेऊन आगबोटीने रत्नागिरीहून मुंबईला गेलो आणि सहाव्या दिवशी परत आलो. प्रवास म्हणून सांगावे असे यात फार नाही. आमच्याकडची निम्मी माणसे मुंबईला जातात आणि येतात. पण आमच्या घरातून आगबोटीत चढणारा मी पहिला आणि आबा दुसरे, म्हणून लिहितो.

आबा म्हणजे माझे वडील. ते बंदरावर पडावाचे (उतारू आणि सामान नेणाऱ्या मोठ्या होडीचे) तांडेल, म्हणजे मुख्य नावाडी, आहेत. रत्नागिरीला आगबोट किनाऱ्यापर्यंत येत नाही; खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहते. तिच्या शिडीपर्यंत माणसे पोचवणे आणि उतरलेली माणसे आणणे हे पडावाचे काम. बावीस वर्षे आबांनी ते केले, पण शिडीच्या वर त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते.

उतरणाऱ्याला हात देताना त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. "काय पाव्हणं, बोट लागली काय?" कुणी ओशाळून हो म्हटले की वल्ह्यावरचे गणूकाका विचारत, "मग माशांनी पोटभर जेवान केलानी म्हना की!" आणि सगळा पडाव हसे. आबाही हसत. आपल्या घराण्यात कुणाला बोट लागलेली नाही, हे ते न विचारता सांगत असत.

मुंबईच्या कॉलेजात इंटरच्या परीक्षेत मी बरा पास झालो, तेव्हा आबा म्हणाले, "तू बसतोस ता बाक एकदा बघायचा हाय." कॉलेजला सुट्टी आहे, असे मी सांगून पाहिले. "बाकाला कसली सुट्टी?" असे ते म्हणाले. मी तिकिटे काढायला गेलो.

कचेरीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "खोलीच घ्यायची म्हणता, तर आतली की बाहेरची?"

मी आजवर डेकवर बसूनच गेलेलो; दोन्हींत फरक काय, हे मला ठाऊक नव्हते आणि विचारायचा धीर झाला नाही. मी मनाशी विचार केला. आबा कुणाचा निरोप पोचवायला गावातल्या मोठ्या घरी गेले की पायरीशी उभे राहात. मी संस्कृत शिकायला मास्तरांकडे जाई तेव्हा वर्षभर पडवीत बसलो. ज्या दिवशी मास्तर "आत ये रे" म्हणाले, त्या दिवशी मी धावत येऊन साऱ्या वाडीला ते सांगितले होते. आमच्या लेखी आत म्हणजे मान. बावीस वर्षे शिडीशी थांबलेल्या माणसाला एकदा आत न्यावे, असे वाटले.

"आतली," मी ठासून म्हणालो.

कारकुनाने आता मान वर केली. "नक्की?"

"नक्की. वडील बरोबर आहेत."

निघायच्या दिवशी दुपारी आबा बंद गळ्याचा कोट आणि नवी काळी टोपी घालून आपल्याच पडावात उतारू म्हणून बसले. सुकाणू गणूकाकांच्या हातात होते. आबांचा हात दोनतीनदा तिकडे गेला.

"तांडेल, आज तुमी उतारू. हात मांडीवर ठेवा," गणूकाका म्हणाले. "आनी येताना मी इचारणार हाय हां. बोट लागली काय!"

"दर्यालाच इचार, मी त्याला लागलो काय," आबा म्हणाले. मग शिडीवर पाय ठेवता ठेवता मागे वळून सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "पोरानं आतली खोली घेतलान, आतली!"

खोली खरोखरच आत होती. अरुंद बोळातून दोन वळणे घेऊन खलाशाने एक लोखंडी दार उघडले. एकावर एक दोन फळ्या, जाळीत कोंडलेला एक दिवा, रंगाचा आणि तेलाचा दर्प. चारी बाजूंना भिंती. आबांनी चारी बघितल्या.

"खिडकी?"

"ही आतली आहे, आबा. खिडकी बाहेरच्यांना असते वाटतं."

समोरच्या दारातून एक वयस्क पेन्शनर डोकावले. त्यांच्या पाठीमागे गोल खिडकी होती आणि तिच्यात निळे पाणी वरखाली होत होते. "अरे वा! तुम्हांला बाळंतिणीची खोली दिली की!" ते हसून म्हणाले. माझे कान तापले. काय घडले ते माझ्या ध्यानात आले. बदलून मिळते का बघतो, असे मी आबांना म्हणालो.

"तू निवडलीस ना? मग हीच," असे म्हणून आबा खालच्या फळीवर ताठ बसले.

त्या दिवसांत दक्षिणेकडे कुठे तरी वादळ होऊन गेले होते, त्याची लाट अजून पाण्यात होती. बोट हलू लागली तसे आबा मला सांगू लागले, "ह्या झोकावरनं सांगतो, मालगुंड आला." थोड्या वेळाने, "आता जयगडची खाडी." मग ते बोलायचे थांबले. भिंती एका बाजूला कलत आणि परत येत, आणि त्या का कलल्या हे दिसायला काही नव्हते. आबांच्या कपाळावर घाम आला.

"आबा, वर जाऊ या."

"नको. पोराची खोली सोडून वर लोकांत कसा बसू?"

त्यांनी नवी टोपी काढली, ती नीट माझ्या हातात दिली, आणि फळीखालचे पत्र्याचे टमरेल पुढे ओढले. मी त्यांची पाठ धरली. बोट त्यांना चांगलीच लागली होती.

त्यांनी तोंड पुसले. मग हळूच म्हणाले, "सदा, गनूला कळता नये."

आबांनी माझ्याजवळ आजवर काही मागितले नव्हते. हे पहिले मागणे. मी शपथ घेतल्यासारखे "नाही कळणार" म्हटले.

तेवढ्यात मघाचे खलाशी दारात आले. ते जयगडकडचे, हसनचाचा. पडाव शिडीला लागे तेव्हा दोर टाकणारे तेच, म्हणून आबांना ओळखत. त्यांनी टमरेलाकडे पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. खिशातून लिंबू काढून माझ्या हातात दिले.

"तांडेल, तुमची कायव चूक नाय. दर्या दिसतो तवर दर्यावर्दी. झाकलान की सगली मानसा सारखीच. माजा बापूस जल्मभर शिडाच्या मचव्यावर. इंजिनाच्या खोलीत पयल्याच दिशी आडवा झाला. चला वर."

आबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "चला आबा. खोली मी चुकीची निवडली. मला फरक माहीत नव्हता."

"तसा हाय तर आधी नाय सांगायचा?" असे म्हणून ते उठले.

वर डेकवर लोक वळकट्या पसरून बसले होते. कुणी भाकरी आणि सुकटीची चटणी सोडली होती. सूर्य पाण्याला टेकला होता. आबा कठड्याला धरून उभे राहिले आणि क्षितिजाच्या आडव्या रेषेकडे एकटक बघत राहिले. लिंबू संपेपर्यंत त्यांचा चेहरा पहिल्यासारखा झाला. दाभोळच्या बाऱ्यात, म्हणजे खाडीच्या तोंडाशी, बोट वळली तेव्हा ते म्हणाले, "सुकानूवाला झोपलाय काय? येवढा आडवा घेतात काय?" तेव्हा मला खात्री पटली की आबा बरे झाले. आम्ही डेकवरच पडलो. खोलीत आमच्या गाठोड्यांनी मात्र ऐसपैस प्रवास केला.

मुंबईचे वर्णन सर्वांनी वाचलेले असते, म्हणून एकच सांगतो. कॉलेजचे फाटक बंद होते. तिथला शिपाई खेडकडचा; आबांविषयी मी त्याला सांगितलेले होते, त्याने ते उघडले. आबा पायरीशी थांबले तसे तो म्हणाला, "भायेर का? आत या, तांडेल." आबांनी वर्गाच्या दाराशी वहाणा काढल्या. मी दाखवला त्या बाकावर बसून त्यांनी दोन्ही तळवे लाकडावरून फिरवले. मग खिडकीकडे पाहिले. दोन इमारतींमधून समुद्राची बोटभर पट्टी दिसत होती.

"हितनं दर्या दिसतो," ते म्हणाले. "मग बरा हाय. नायतर तुला शाळा लागली असती."

परतीची तिकिटे डेकची काढली. आबा वाटभर कठड्याशी उभे होते आणि शेजाऱ्यांना किनाऱ्यावरची गावे दाखवत होते. रत्नागिरीला नांगर पडला आणि शिडीखाली आमचाच पडाव आला. पंधरावीस उतारू उतरले. आम्ही उतरताच सुकाणूवरच्या गणूकाकांनी हात आडवा धरला.

"काय तांडेल, बोट लागली काय?"

मी सहा दिवस उत्तर तयार ठेवले होते. "लागली की, गणूकाका! भल्या सकाळी, मुंबईच्या धक्क्याला!"

सगळे खदखदून हसले. गणूकाकांनी मला हात जोडले. शब्द राखला म्हणून मी खूश होतो. इतक्यात आमच्या मागून एक म्हातारी बाई शिडी उतरली. चेहरा राखेसारखा, तोंडाला पदर. हसण्याच्या भरात गणूकाका तिच्याकडे वळले. "काय आये, तुमाला पन धक्क्यालाच लागली काय? की माशांनी जेवान..."

"गनू, गप," आबा म्हणाले.

"का हो?"

"मला पन लागली."

गणूकाकांचा हात सुकाणूवरच राहिला. "तुमाला?"

"मला. जयगडच्या फुडं. ह्यो पोऱ्या शिकलेला हाय, शब्द वळवतो. मी सरळ सांगतो." मग माझ्याकडे बघून, "खोली बरी व्हती. खिडकी नव्हती येवढाच."

त्यांनी म्हातारीला हात दिला. "या आये. काठाला नको, मधी बसा. आनी नजर किनाऱ्यावर ठेवा." मग कोटासकट जाऊन त्यांनी गणूकाकांच्या हातून सुकाणू घेतले. किनारा येईपर्यंत कुणी हसले नाही. गणूकाकांनी एकदाच विचारले, "लय लागली काय?" आबा म्हणाले, "टोपी वाचली."

तेव्हापासून आबा उतारूंना तो प्रश्न विचारत नाहीत, असे गणूकाका सांगतात. मी मात्र माझ्याविषयी विचार करत राहिलो. दोन वर्षे कॉलेजात जे कळत नाही ते न विचारता, मान डोलावून मी वेळ निभावत आलो होतो. आबांनी भर पडावात तीन शब्दांत जे सांगितले, तेवढे मला कधी जमले नव्हते.

सुट्टी संपल्यावर मी पुन्हा तिकिटाच्या खिडकीशी गेलो. तोच कारकून होता. मला डेकवरच जायचे होते, तरी मी विचारले, "आतल्या आणि बाहेरच्या खोलीत फरक काय असतो हो?"

त्याने मान वर केली आणि सांगितले. सांगायला त्याला अर्धे मिनिटही लागले नाही.