शिकागोचा सरळ रस्ता

दादा गेला तो सकाळचा चहा पिता पिता. त्याआधी महिनाभर मला बजावत होता, "मी गेलो की सुमनला लगेच फोन करायचा नाही. सगळं उरकलं की कळव." मरतानाही या माणसाला धाकट्या बहिणीशी वाद घालायचाच होता!

सुमन त्याची एकुलती एक मुलगी. वहिनी लवकर गेल्या, पोरीला त्यानेच वाढवलं. लग्न होऊन ती शिकागोला गेली आणि कोपरीतल्या त्याच्या खोलीत जगाचा नकाशा लागला. मुंबईपासून शिकागोपर्यंत शिवणाचा दोरा ताणून हा अंतर मोजायचा. सुमनने एकदा सांगितलं, विमान पार उत्तरेकडून, बर्फाळ मुलखावरून जातं. झालं! "फिरवतात गं ते. कल्याण स्टेशनला नवखं गिऱ्हाईक बघून रिक्षावाले फिरवतात ना, तसंच." पृथ्वी गोल आहे हे पटवायला मी डोंबिवलीहून मोसंबं घेऊन गेले, त्यावर दोरा लावून दाखवला. त्याने शांतपणे मोसंबं सोलून खाल्लं. पोरगी दरवर्षी बोलवायची, याचं उत्तर ठरलेलं, "सरळ नेतील तेव्हा येईन." डोकं फिरायचं माझं.

शेवटच्या आजारपणात मी न राहवून विचारलं, "बापाचं तोंड बघायचा हक्क नाही का रे तिला?" तो नकाशाकडे बघत म्हणाला, "अगं, एवढी लांबची वाट. परक्या लोकांत, पट्ट्याने बांधलेली, पोर एकटी रडत येणार. पाणी तरी कोण विचारील तिला?" मला भरून आलं आणि तितकाच रागही आला. हे आधी सांगायला काय झालं होतं?

मी त्याचं ऐकलं नाही. तडक बूथवर जाऊन फोन लावला. "आत्या, थांबा माझ्यासाठी," एवढंच ती बोलू शकली. इतका वेळ ठेवू नये, असं नातेवाईक कुजबुजायला लागले. शेजारचे कोळी रामभाऊ मात्र म्हणाले, "ताई, बर्फाचं मी बघतो. पोरीला येऊ दे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुमन आली. हंबरडा फोडेल म्हणून आम्ही बायका सावरायला उभ्या. ती बापाजवळ बसली, कपाळावर हात ठेवला. "वाटेत रडून झालं, आत्या. शेजारी एक पंजाबी आजी होत्या. त्यांनी उतरेपर्यंत माझा हात सोडला नाही. घास भरवले मला."

मी दादाकडे वळले. "ऐकलंस?" चांगलं मोठ्याने म्हटलं, चार माणसांदेखत.

आता महिना होत आला. खोली आवरायला जाते तेव्हा जिना चढतानाच माझं भांडण जुळवून तयार असतं. कुलूप काढते, आत जाऊन सगळं बोलते... आणि उलट उत्तर येत नाही. इतकं मुकाट ऐकून घेणारा दादा मला मुळीच चालत नाही.