दहा दिवसांची सुट्टी

तिसगावात शाळेचे गणवेश शिवायचे म्हणजे रोझीकडेच, असं लोक धरूनच चालत. रोझीनं लग्न केलं नाही. धाकटी बहीण सुकन्या नर्स होऊन बंगळुरूला गेली, तेव्हा तिची दोन लेकरं रोझीच्या पदरात आली. एंजल पाच वर्षांची, स्टीफन तर अजून रांगतही नव्हता. नवरा आधीच निघून गेलेला आणि सुकन्याला राहायला हॉस्टेलातली एक कॉट. सहा वर्षं रोझीनंच पोरांचं सगळं केलं. स्टीफन तिला मावशी म्हणायचा, पण तापात 'आई' म्हणून हाक मारायचा ती तिलाच.

मग एक दिवस सुकन्याचा फोन आला. "खोली मिळाली गं. शाळाबी बघितली. मे महिन्यात पोरांना घेऊन ये. अन् त्यांना तूच समजावून सांग, माझं ऐकायची न्हाईत ती."

रोझीनं शाळेतून दाखले काढले, कपडे बांधले. सांगणं तेवढं रोज उद्यावर जात राहिलं. शेवटी स्टीफननंच विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "धा दिवस आईकडं राहू अन् येऊ माघारी."

नगरला गाडीत बसल्यापासून स्टीफन वरच्या बर्थवर चढत-उतरत होता. समोरच्या म्हाताऱ्याला सांगत होता, "आमी धा दिवसांनी परत येनार हाय." दौंड सुटल्यावर रोझीनं दशम्या काढल्या. खाऊन स्टीफन तिच्या कुशीत झोपला.

मधल्या बर्थवर जायच्या आधी एंजलनं चादरीसाठी पिशवीत हात घातला आणि कागद हाती लागले. डब्यातले दिवे अजून चालू होते. तिनं वाचलं: शाळा सोडल्याचा दाखला.

"मावशी, आपण सुट्टीला चाललोय ना? मग हे कशाला?"

रोझीच्या ओठांवर खरं आलं होतं. पण कुशीतला स्टीफन जागा झाला तर रडून डबा डोक्यावर घेईल, असं तिला वाटलं.

"लागत्यात कुठंतरी कागद. झोप आता."

एंजलनं कागद होते तसे ठेवले, वर चढली आणि भिंतीकडं तोंड केलं. रात्रीतून दोनदा रोझी मान वाकवून उठून बसली. झोपलेल्या पोरीला कशाला उठवा, असं स्वतःला सांगून पुन्हा आडवी झाली. पोर जागी आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी एंजलनं आपली वेणी आपणच घातली, वाकडीतिकडी.

चौथ्या दिवशी रोझी एकटी परत निघाली. स्टीफन तिचा पदर सोडेना. एंजलनं त्याला ओढून घेतलं. "जाऊ दे तिला," एवढंच म्हणाली. रडली नाही.

याला आता चार वर्षं झाली. एंजल फोनवर येते, परक्या बाईची विचारावी तशी तब्येत विचारते. गेल्या नाताळात रोझीनं धीर केला. "एंजल, त्या रातीला मी तुला खरं सांगाया पायजे हुतं."



"आईकडं राहायला माझी ना नव्हती, मावशी. तू सांगितलं असतंस, तर स्टीफनला मीच समजावलं असतं."

तिकडं कुकरची शिट्टी झाली आणि एंजल म्हणाली, "ठेवते."